केसाएवढी झीज

आपल्या डोक्यावरचा एक केस चिमटीत धरून पाहा. त्याची जाडी साधारणपणे ०.०७ मिलिमीटर असते. असे दोन-तीन केस एकाला एक लावून ठेवले, तर जेवढी रुंदी भरेल तेवढाच सिलिंडरचा व्यास झिजून वाढला, तरी मोटारीचे इंजिन म्हातारे झाले असे कारागीर समजतात. गाडी मग निळसर धूर सोडू लागते, तेल खाते, चढावर दमते. एवढ्याशा झिजेचा एवढा परिणाम का होतो? आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ही झीज शोधून काढतात तरी कशी?

हे समजून घ्यायला आपण एक प्रसिद्ध छोटी मोटार घेऊ. तिचे नाव मिनी. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच निर्माण झाला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई पडली. तेव्हा ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने कमी पेट्रोलात चालणारी, जेमतेम तीन मीटर लांबीची ही गाडी आखली. १९५९ साली ती बाजारात आली. जागा वाचवण्यासाठी त्याने इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच ठेवली. ही युक्ती लक्षात असू द्या, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पहिल्या मिनीचे इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे होते आणि त्याची ताकद होती ३४ अश्वशक्ती. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरला या गाडीत वेगळेच गुण दिसले. १९६१ साली मिनी कूपर आणि १९६३ साली अधिक जोरदार मिनी कूपर एस निघाली. १९६४ साली अशाच एका गाडीने माँटे कार्लोची शर्यत जिंकली. त्याच वर्षी कूपर एसला १२७५ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. त्याची ताकद ७६ अश्वशक्ती, म्हणजे मूळ गाडीच्या दुपटीहून जास्त! मिनीचे उत्पादन २००० साली थांबले, पण हौशी मंडळी या गाड्या अजून चालवतात, त्यांत आणखी फेरफार करतात आणि इंजिन झिजले की ते उतरवून पुन्हा बांधतात.

वाढवलेली ताकद फुकट मिळत नाही. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला १०० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन (पाठ्यपुस्तकात याला दट्ट्या म्हणतात) एकदा वर आणि एकदा खाली, असा दोनदा थांबतो. सेकंदाला दोनशे वेळा थांबायचे आणि दोनशे वेळा पुन्हा पळायचे! १२७५च्या इंजिनात पिस्टनचा प्रवास ८१.३ मिलिमीटरचा आहे. गणित केले तर वरच्या टोकाशी त्याचा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दोन हजार पट येतो. पिस्टनचे वजन पाव किलो धरले, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला तो अर्ध्या टनाने ओढतो. हा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ५,००० ऐवजी ७,००० फेऱ्यांवर इंजिन पळवले की वेग दीडपटही होत नाही, पण ओढा मात्र जवळजवळ दुप्पट होतो. शर्यतीची हौस इंजिनाला महागात पडते ती अशी.

इंजिन उघडण्याआधी चांगला कारागीर एक सोपी परीक्षा घेतो. स्पार्क प्लग काढून त्या भोकात दाबमापक बसवायचा, इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपून ठेवायचा. एखाद्याचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजायचे. आता दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरचा, कारण तेलाने त्यांतली फट तात्पुरती बुजवली. दाब तसाच राहिला, तर संशय झडपांवर. चमचाभर तेलात अर्धे निदान होते!

मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलून काढतात. इतर बऱ्याच गाड्यांत खालची तेलाची टाकी सोडली की क्रँकशाफ्टची बेअरिंगे दिसतात. इथे मात्र आधी गिअरबॉक्स वेगळी करावी लागते. शिवाय दोघांचे तेल एकच असल्यामुळे गिअरच्या दातांचा चुरा तेलाबरोबर इंजिनात फिरतो. गाळणी असतेच, आणि तेल सोडण्याच्या बुचाला एक लोहचुंबकही लावलेला असतो. तरीही मिनीचे तेल वेळेवर बदलावेच लागते. इसिगोनिसच्या युक्तीने प्रवाशांना जागा मिळाली, त्याची किंमत तेलाला द्यावी लागली, असे म्हणायला हरकत नाही.

सुटे केलेले भाग कसेही ढिगात टाकून चालत नाही. बेअरिंगांच्या टोप्या जागच्या जागी बसवूनच कारखान्यात भोके कातलेली असतात. त्यामुळे एकीची टोपी दुसरीवर बसवली तर भोक गोल राहत नाही. म्हणून प्रत्येकीवर क्रमांकाची खूण करून ठेवतात.

आता मोजमाप. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकापाशी होते, जिथे वरची रिंग क्षणभर थांबून परत फिरते. तिथे उष्णता प्रचंड, तेलाचा थर अगदी पातळ आणि रिंगेचा वेग शून्य! पिस्टन सरकत असतो तेव्हा तो तेलाच्या थरावर तरंगतो, थांबला की तो थर दबतो आणि धातूला धातू भिडतो. त्याच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ व्यासाची एक कड उरते. बोटाचे नख फिरवले की ती नखाला अडते.

ही झीज मोजायला खास मापक मिळतो. पण तो नसला तरी भूमितीने काम भागते. पिस्टनची रिंग पूर्ण गोल नसते. तिला एके ठिकाणी फट असते. एक रिंग सिलिंडरच्या तळाशी सरळ बसवा आणि पातळ पोलादी पट्ट्यांच्या मापाने ती फट मोजा. समजा ती ०.४ मिलिमीटर भरली. मग तीच रिंग झिजलेल्या भागात सरकवा. आता फट ०.९ मिलिमीटर झाली. याचा अर्थ परीघ ०.५ मिलिमीटरने वाढला. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, म्हणून ०.५ला ३.१४ने भागा. व्यास ०.१६ मिलिमीटरने वाढलेला आहे. म्हणजे रिंगेने आपल्याला झीज तिपटीने मोठी करून दाखवली. शाळेतल्या पायचा याहून रोकडा उपयोग मला तरी ठाऊक नाही.

बेअरिंगाची फट मोजण्याची रीतही अशीच गमतीची आहे. मेणासारखा मऊ, ठरावीक जाडीचा धागा शाफ्टवर आडवा ठेवतात, टोपी योग्य जोराने आवळतात आणि पुन्हा काढतात. धागा चेपून पट्टी झालेली असते. पट्टी जितकी रुंद तितकी फट लहान. रुंदी सोबतच्या छापील मापाशी ताडून पाहायची, की झाले.

मापे हाती आली की खरा कठीण निर्णय येतो. झिजून वाकडा झालेला सिलिंडर पुन्हा गोल करायचा तर त्याला मोठा कातावा लागतो. गॅरेजात यालाच रिबोअर म्हणतात. १२७५च्या सिलिंडरचा व्यास ७०.६ मिलिमीटर. तो अर्ध्या मिलिमीटरने वाढवला की इंजिन सुमारे १२९३ घनसेंटिमीटरचे होते. ताकद हवी असलेले लोक इथे थांबत नाहीत. ७३.५ मिलिमीटरपर्यंत कातून ते १३८० घनसेंटिमीटरचे करतात. पण कातून काढलेले लोखंड परत येत नाही, आणि या इंजिनात चारही सिलिंडर एकमेकांना खेटून आहेत. आज हौसेने तीन मिलिमीटर कातले, तर पुढच्या झिजेला भिंतच उरत नाही. मग आत नवी नळी ठोकून बसवणे एवढाच उपाय राहतो. म्हणून जुन्या कूपर एसचा मालक शहाणा असेल, तर झीज निघेल एवढेच कातायला सांगतो. तेही नवे पिस्टन हातात आल्यावर, त्यांचे माप घेऊन! आधी कातून मग पिस्टन शोधणे म्हणजे आधी चप्पल शिवून मग पाय शोधण्यासारखे आहे.

कातलेली भिंत आरशासारखी गुळगुळीत करत नाहीत. तिच्यावर मुद्दाम एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडतात. त्या रेघांत तेल टिकून राहते. नंतर भिंत साबण आणि गरम पाण्याने घासून धुतात. नुसत्या पेट्रोलने दगडाची बारीक भुकटी निघत नाही. पांढरे फडके फिरवून ते पांढरेच राहिले की मगच धुणे संपले. लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर ओले लोखंड पाहता पाहता गंजते.

झडपांच्या बाबतीत एक नवी अडचण आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. त्याचा पातळ लेप झडपेच्या बैठकीवर बसून तिचे रक्षण करी. शिसे विषारी म्हणून २००० सालापासून ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. जुन्या मिनीच्या बैठका साध्या लोखंडात कातलेल्या, त्या शिशाविना वेगाने झिजू लागल्या. म्हणून इंजिन उघडले की त्यात कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवून घेतात.

सगळे जोडून झाले तरी काम संपत नाही. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर इंजिन सुरू होताच ते वीसेक मिनिटे मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेऱ्यांवर ठेवतात. कॅमला मुख्यतः उडणाऱ्या तेलाचाच आधार असतो, आणि इंजिन मंद फिरले तर ते तिथवर पुरेसे पोचत नाही. तेलदाबाच्या काट्यावर सारखी नजर ठेवायची. इंजिन तापल्यावर धावताना चार किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास दाब दिसला, तर बेअरिंगांच्या फटी बरोबर जमल्या आहेत. काही शे किलोमीटर गाडी बेताने चालवून पहिले तेल सोडतात आणि बुचावरचा लोहचुंबक बोटाने पुसून पाहतात. त्यावर करडी, गंधासारखी मऊ पूड असली तर रिंगा आणि भिंती एकमेकींना जुळवून घेत आहेत. टोचणारा कण हाताला लागला, तर मात्र इंजिन पुन्हा खाली उतरवायचे.