नंबर, रँक, नाव

सकाळी साडेसातला रिक्षा छावणीच्या गेटपाशी थांबते. पुढं रिक्षेला मनाई आहे. आई उतरते, पदर सारखा करते, आणि मी पैसे देईपर्यंत तिच्या हातात आरोग्य योजनेचं कार्ड आलेलं असतं. पहाऱ्यावरचा जवान विशी-बाविशीतला, डोंगराकडचा. "माताजी, कार्ड?" तो कार्डावरचा फोटो बघतो, आईकडं बघतो आणि मान हलवतो. मग माझ्याकडं वळतो. माझं आधार कार्ड, माझं नाव, फोन नंबर, कुणाबरोबर, कशासाठी, किती वाजता, सगळं रजिस्टरात लिहून घेतो. आईचं काहीच लिहीत नाही. छावणीच्या लेखी ती घरची आणि मी पाहुणी.

गेटपासून पॉलिक्लिनिकपर्यंत पाऊण किलोमीटर चालायचं. दोन्ही बाजूंना जुने वड, बुंध्यांना कमरेइतका चुना-गेरू लावलेला, रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा एका आकाराचे आणि रंगवलेले. आईचे गुडघे दुखतात. ती दर दुसऱ्या वडाखाली थांबते, मी पाण्याची बाटली पुढं करते. गेटवर एक चाकाची खुर्ची ठेवली आणि ढकलायला एक माणूस दिला, तर कितीतरी म्हाताऱ्यांची सकाळ सोपी होईल, असं मला दर महिन्याला वाटतं आणि दर महिन्याला मी तिथल्या सूचना-वहीत ते लिहिते.

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. १९६६ साली बेळगावला भरती झाले, १९८८ साली हवालदार म्हणून घरी आले, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या माघारी आईला फॅमिली पेन्शन मिळते, आणि त्या पेन्शनीच्या आधारावर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवान आजारी पडला की लष्कराच्या रुग्णालयाच्या दारात जायचा. ती रुग्णालयं मुळात वर्दीतल्या माणसांसाठी, त्यांच्या खाटा भरून उरल्या तर बाकीच्यांना. शिवाय जवान निवृत्त होतो तो चाळिशीच्या आसपास. खटाव-माणमधल्या घरी परततो, तिथून पुढची तीस-पस्तीस वर्षं रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू हे सगळं छावणीपासून लांब, एसटीच्या अंतरावर. नव्या योजनेत जिल्ह्याजिल्ह्यांत पॉलिक्लिनिकं झाली आणि ठरवून दिलेल्या खासगी रुग्णालयांत पैसे न भरता उपचार मिळू लागले. त्यासाठी निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची. अलीकडच्या दरानं हवालदारापर्यंतच्यांना तीस हजार रुपये. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती माफ आहे, त्यामुळं वडिलांना काही भरावं लागलं नाही.

नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस स्वतः माजी सैनिक आहे. कार्ड यंत्रात घालतो. यंत्र गप्प. कार्ड काढून त्यावरची सोनेरी चिप शर्टाच्या टोकानं पुसतो, पुन्हा घालतो. तिसऱ्या खेपेला यंत्र उजळतं. तेवढ्यात त्यानं पुढ्यातली वहीही ओढलेली असते, कारण वहीतली नोंद वेगळी लागते.

"नंबर?"

आणि माझी चौथी शिकलेली आई, जिला बसवरची पाटी वाचायला चष्मा आणि वेळ दोन्ही लागतं, ती डोळे किंचित मिटून खणखणीत म्हणते, "टू, सेवन..." पुढचे पाच आकडे आणि शेवटचं इंग्रजी अक्षर. मधे कुठं अडखळत नाही. मग रँक. मग नाव. वडिलांचं नाव ती एरवी घेत नाही. घरात कायम 'ह्यांनी', 'ह्यांचं'. त्या खिडकीवर मात्र तोंडभर घेते.

हा नंबर तिला कसा पाठ, ते मला फार उशिरा कळलं. लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. महिन्याभरात वडील पलटणीत परत गेले. त्यांना आंतर्देशीय पत्र लिहायचं तर पत्ता इंग्रजीत लागायचा. आधी नंबर, मग रँक, मग नाव, कंपनी, बटालियन, आणि गावाच्या जागी नुसतं केअर ऑफ ५६ ए.पी.ओ. जवान नेमका कुठं आहे हे पत्त्यावरून कळू नये म्हणून लष्कराची ही सोय. तरी बायकांना कळायचंच. पत्ता ५६ वरून ९९ झाला की त्या समजायच्या, धनी पूर्वेकडं गेले, आसाम-नागालँडच्या अंगाला. गावातले गुरुजी सुरुवातीला पत्ता लिहून द्यायचे. एकदा त्यांच्याकडून एक आकडा चुकला आणि आईचं पत्र दोन महिन्यांनी फिरून परत आलं. मराठ्यांच्या पलटणीत शिंदे, जाधव, पवार यांना काय तोटा! नावावर कोण कुणाला ओळखणार? त्या दिवसापासून तिनं आकडे आणि अक्षरं स्वतः गिरवली. भाकरी थापताना म्हणायची, दळताना म्हणायची. तिला इंग्रजी येतं ते एवढंच.

वडील गेल्यावर तिच्या कार्डाचं काम निघालं, तेव्हा लष्कराच्या कागदांत ती स्वतः सापडेना. नंबर बिनचूक, नवरा बिनचूक, बायको मात्र वेगळीच. सैनिकाचं लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये निघते आणि पुढं रेकॉर्ड ऑफिसात जाते. १९७० साली कुणा लेखनिकानं वडिलांच्या तोंडून ऐकून आईचं नाव लिहिलं, तिच्या नावामागचं 'बाई' गाळलं आणि जन्मतारीख अंदाजानं टाकली. आधार कार्डावर नाव पूर्ण, आणि तारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांनाच १ जून लावलेली. या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला सात महिने लागले. प्रतिज्ञापत्र झालं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पत्रं झाली, बेळगावला टपाल गेलं. मधल्या एका कार्यालयानं अर्ज तीनदा परत केला, आणि तिन्ही वेळा त्रुटी वेगळी दाखवली. पहिल्याच वेळी तिन्ही सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्या सात महिन्यांत आईची साखरेची औषधं आम्ही दुकानातून आणली. आम्हाला ते जमलं. ज्या घरी लिहायला-वाचायला कुणी नाही, तिथली बाई दुसऱ्या फेरीनंतर परत जात नाही, आणि ती गेली नाही याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

म्हणून माझं प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी एक सांगणं असतं. तो माणूस धडधाकट आहे तोवरच त्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा कागद, आणि बायकोचं आधार कार्ड एका पाटावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. कागद दुरुस्त करायला सही लागते, आणि सगळ्यात सोपी सही त्याची असते.

हॉलमध्ये लोखंडी बाकं आहेत. लोक लवकर येतात, फौजेची सवय. पुढच्या बाकावर नेहमीचे एक आजोबा असतात. १९७१ ला राजस्थानच्या सरहद्दीवर सुरुंगावर पाय पडला आणि गुडघ्याखाली गेला. पाय बसवला तो पुण्यातल्याच कृत्रिम अवयव केंद्रात. हे केंद्र १९४४ चं, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्यांसाठी सुरू झालेलं. त्यांनी एकदा मला पँट वर करून दाखवलं. आतल्या बुंध्यावर लोकरी मोजे चढवलेले. सकाळी दोन पुरतात, दुपारपर्यंत बुंधा आक्रसतो, मग तिसरा चढवायचा, नाहीतर पाय आत खुळखुळतो आणि कातडी सोलते. "पन्नास वर्षं झाली," ते म्हणाले, "रोज दुपारी जेवायच्या आधी मोजा." एवढं सांगून त्यांनी पँट खाली केली, इस्त्रीची घडी जागेवर आणली आणि आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

आईची तपासणी डॉक्टरबाई नीट करतात. वजन, रक्तदाब आधी बाहेर झालेलं असतं. त्या म्हणतात, चप्पल काढा, पाय वर घ्या. मग एका दांडीला लावलेला नायलॉनचा धागा घेतात, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा. आईला डोळे मिटायला सांगतात आणि तळपायावर एकेका जागी तो टेकवून वाकेपर्यंत दाबतात. लागलं की सांगायचं. "आता... आता... आता..." आई लहान मुलीसारखी म्हणत राहते. मग डॉक्टरबाई अंगठ्याखाली धागा टेकवतात. आई गप्प. टाचेच्या कडेला टेकवतात. आई गप्पच, चेहऱ्यावर वाट पाहिल्याचा भाव. तिला वाटतं, अजून टेकवलाच नाही. साखरेनं पायाची जाण कशी जाते हे मी वाचलं होतं, पण तो धागा वाकलेला मला दिसत होता आणि तिला कळत नव्हता. डॉक्टरबाईंनी घरातही चप्पल घालायला सांगितलं, रोज रात्री तळवे बघायचं काम मला लावलं, आणि पडदा तपासायला डोळ्यांच्या विभागाचा रेफरल लिहिला.

रेफरल हा इथला कळीचा कागद. तो असला की रुग्णालयाचं दार उघडतं, नसला की आपण बाहेरचे. अडीनडीला मात्र त्याची वाट बघायची नाही. छातीत दुखलं, लकवा मारला, अपघात झाला, तर यादीतल्या कुठल्याही रुग्णालयात कार्ड घेऊन थेट जायचं. यादीबाहेरचं रुग्णालय जवळ असेल तर तिथं जायचं, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका सुभेदारांच्या घरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी कळवलं आणि बिलासाठी वर्षभर हेलपाटे घातले. ४८ तासांचा हा नियम पेन्शनच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत छापायला हवा. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईनं नियमावली शोधायची, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आमच्या गावातून आजही पोरं पहाटे भरतीसाठी पळतात. २०२२ पासून ती अग्निवीर म्हणून जातात. चार वर्षांनी त्यांतली चौथ्या हिश्शापर्यंतची कायम होतात, बाकीची घरी येतात. घरी येणाऱ्यांना पेन्शन नाही आणि हे आरोग्य योजनेचं कार्डही नाही. चुना-गेरू लावलेल्या या रस्त्यावरून त्यांच्या बायका कधी चालणार नाहीत. मला हे मान्य होत नाही. सरहद्दीवर पोराला सुरुंग काही त्याची नोकरी किती वर्षांची म्हणून विचारत नाही.

औषधांच्या खिडकीवर महिन्याभराचं औषध मिळतं. फार्मासिस्ट कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढं खूण करत जातो. आज एका ओळीपुढं लाल शाईत एन.ए. आलं. म्हणजे हे औषध आज साठ्यात नाही, ठरवलेल्या केमिस्टकडून मागवतील, दोन दिवसांनी या. आम्ही रिक्षेच्या अंतरावर, आम्ही येऊ. आमच्या मागं उभे असलेले काका दौंडच्या पुढून आलेले. त्यांच्याही कागदावर तीच लाल खूण. ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि घड्याळ बघितलं.

निघताना नोंदणीच्या खिडकीपाशी एक मुलगी अडलेली दिसली. पंचविशी-तिशीची, कडेवर तापानं लालबुंद झालेलं पोर. नवरा दीड वर्षापूर्वी निवृत्त झालेला, आता गुजरातेत बँकेवर सिक्युरिटीला. नवीन कार्डं अजून आलेली नव्हती, तात्पुरती पावती घाईत घरी राहिलेली. खिडकीतून शांतपणे विचारणं चाललं होतं, नंबर सांगा, संगणकावर शोधतो. तिला नंबर येत नव्हता. तो नवऱ्याच्या फोनमध्ये होता आणि नवरा ड्यूटीवर फोन उचलत नव्हता.

"तुला न्हाई ठावं?" आईनं विचारलं.

"कधी लागलाच नाही हो. फोनवरच बोलायचो."

आईनं पोराच्या कपाळाला हात लावला. मला पाण्याची बाटली काढायला सांगितली, रुमाल भिजवून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्या मुलीला बाकावर बसवलं. चौथ्या वेळी नवऱ्यानं फोन उचलला. मुलीनं एका कागदाच्या मागच्या बाजूला आकडे उतरवून घेतले, खिडकीवर जाऊन सांगितले, टोकन घेऊन परत आली. पुढं अजून सहा जण होते.

"बग, कागद ऱ्हातो घरी," आई म्हणाली. "म्हण."

मुलगी हसली. आई हसली नाही. मग तिनं कागद बघत म्हटला.

"आता न बगता."

पाचव्या आकड्याला ती चुकली. आईनं कागद आपल्या हातात घेतला, चष्मा वर सरकवला, बोट पहिल्या आकड्यावर ठेवलं.

"परत."