घाटाखाली जाऊन घाटावर परतताना

इलेक्ट्रिक माउंटन बाइकची बॅटरी किती पुरेल, हे बुलढाणा जिल्ह्यात रस्त्याच्या लांबीपेक्षा घाटावर ठरते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे, तर पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर सुमारे 250 मीटरवर. म्हणजे बुलढाण्याहून राजूर घाटाने मलकापूरला गेलेल्या सायकलस्वाराला परत येताना 400 मीटर वर चढावे लागते, तेही बॅटरी निम्मी रिकामी झाल्यावर. सपाट रस्त्यावरचा हिशेब इथे फसतो तो याच ठिकाणी.

सायकलीच्या जाहिरातीत किलोमीटरचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण तो कोणत्या रस्त्यावर, किती वजन घेऊन, किती पायडल मारून मिळाला हे क्वचितच लिहिलेले असते. म्हणून किलोमीटरऐवजी वॉट-तास पाहावेत. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात; त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. 36 व्होल्ट आणि 14 अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे 500 वॉट-तास वीज मावते. ही शिदोरी. ती तीन ठिकाणी खर्च होते: रस्त्याशी होणाऱ्या घर्षणात, हवा कापण्यात आणि चढ चढण्यात.

स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो धरले, तर साध्या डांबरी रस्त्यावर घर्षणात किलोमीटरमागे अडीच-पावणेतीन वॉट-तास जातात. ताशी 20 किलोमीटर वेगाने हवेसाठी साधारण तेवढेच आणखी. वेग 25 वर नेला की हवेचा खर्च पावणेचारच्या आसपास जातो आणि 30 वर पाचच्या पुढे, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चढाचा हिशेब वेगळा. 100 किलो वजन 400 मीटर उचलायला 109 वॉट-तास लागतात, मग घाट हळू चढला काय किंवा जोरात. मोटर आणि कंट्रोलरमध्ये पाव हिस्सा वीज उष्णतेत जाते असे धरले, तर नुसत्या मोटरवर घाट चढताना बॅटरीतून सुमारे 145 वॉट-तास निघतात. 500 च्या बॅटरीतला हा तीन दशांश हिस्सा एकट्या चढणीचा.

बुलढाणा ते मलकापूर हे अंतर सुमारे 45 किलोमीटर. मूठ पिळून, पायडल न मारता, ताशी 25 च्या वेगाने निघालेल्या स्वाराची घाटाच्या उतारावर वीज वाचते. तरी मोटरमधला उष्णतेचा तोटा धरून मलकापूरला पोचेपर्यंत त्याचे 300 वॉट-तास संपलेले असतात. उरलेले 200 त्याला परतीच्या वाटेवर वीस-बावीस किलोमीटर नेतात. म्हणजे मोताळ्याच्या अलीकडे-पलीकडे, घाट अजून पुढे असतानाच, सायकल थंड पडते आणि वीस-पंचवीस किलोंचे ते धूड पायांवर चढवावे लागते. तोच स्वार ताशी 20 ने चालला आणि निम्मे काम पायांनी केले, तर जाऊन-येऊन, घाटासह, साडेतीनशेच्या आसपास वॉट-तासांत घरी पोचतो. बॅटरी तीच, रस्ता तोच. वजन कमी करण्याची चिंता पुष्कळजण करतात, पण पाच किलो कमी केल्याने या घाटात सातेक वॉट-तास वाचतात. वेग आणि पायडल यांनी त्याच्या कितीतरी पट वाचतात.

यातून घाटावर राहणाऱ्यांसाठी एक नियम निघतो. बॅटरी निम्मी होईपर्यंत पुढे जायचे आणि मग वळायचे, हा सपाटीवरचा ठोकताळा आहे. बुलढाण्याहून खाली उतरणाऱ्याने घाटाचे 145 वॉट-तास आधी बाजूला ठेवावेत आणि उरलेल्याचे दोन भाग करावेत. बोथा घाटाने खामगावला जाणाऱ्यालाही हेच लागू आहे. ती वाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते, तिथे सायकल बंद पडणे परवडणारे नाही. खामगाव-शेगावकडून वर येणाऱ्याचे नशीब उलटे: चढ आधी, ताज्या बॅटरीवर, आणि परतीला उतार. चिखली, मेहकर, लोणार या पठारावरच्या रस्त्यांना एवढा मोठा चढ नाही.

उतारावर बॅटरी पुन्हा भरेल, ही आशा मात्र सोडावी. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींच्या चाकातली गिअरवाली मोटर उतारावर नुसती सुटी फिरते, ती वीज परत करत नाही.

घाट चढण्याची रीत मोटर कुठे आहे त्यावर अवलंबून आहे, आणि इथे बरेचजण चुकतात. मागच्या चाकात बसवलेल्या हब मोटरची गती चाकाच्या गतीशी बांधलेली असते. सायकलीचा गिअर बदलून तिला काहीच फरक पडत नाही. वेग ताशी आठ-दहाच्या खाली गेला की ती वीज ओढते पण बरीचशी उष्णतेत घालवते. म्हणून अशा सायकलीवर चढ लागण्याआधीच वेग घ्यावा, हलक्या गिअरवर जोराने पायडल मारावे आणि चाकाला रेंगाळू देऊ नये. पायडलपाशी बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर महाग असते, पण तिची ताकद चेनमधून जाते. तिला गिअरचा पुरा फायदा मिळतो: गिअर वेळेत खाली आणून पायडल मिनिटाला 70 ते 80 फेरे फिरते ठेवले की ती कमी विजेत चढते. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर ताशी 12 च्या वेगाला साधारण 230 वॉट लागतात. भारतातल्या नियमाप्रमाणे नोंदणी आणि परवान्यातून सूट मिळालेल्या सायकलीची मोटर 250 वॉटच्या आतली आणि वेग ताशी 25 च्या आतला असतो, म्हणजे असा चढ तिच्या ताकदीच्या अगदी टोकाशी येतो. स्वाराच्या पायांतले 100 वॉट तिथे मोटरचा भार जवळजवळ निम्म्यावर आणतात.

वाऱ्याचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही. पावसाळ्यात वारे मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात. शेगावहून नांदुऱ्याकडे जाताना ताशी 15 किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर ताशी 20 च्या वेगाला हवेचा खर्च तिपटीवर जातो. उघड्या काळ्या रानातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर आडोसा नाही. अशा दिवशी वेग 15 वर आणावा आणि परत येताना वारा पाठीशी राहील अशी दिशा आधीच निवडावी.

टायरच्या हवेबाबत एकच आकडा सगळीकडे चालत नाही. डांबरी रस्त्यावर टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूची हवा ठेवावी. जाड खाचांचे टायर तिथे वीज खातात. खडीच्या आणि मुरमाच्या वाटेवर थोडी कमी हवा बरी, कारण घट्ट टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि तीही शक्ती वायाच जाते. बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत पट्टी किंवा सीलंट असावे. हळू हळू हवा गळणारा टायर वीजही हळू हळू गिळतो. पावसात काळ्या मातीच्या पांदणीत जाऊच नये. ती माती चाकाला थरावर थर चिकटते, चाकाच्या फोर्कमध्ये आणि ब्रेकमध्ये अडकते आणि मोटर जागच्या जागी तापते.

लिथियम-आयन बॅटरीचा खरा शत्रू ऊन. घाटाखाली मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीकडे जातो, आणि बहुतेक सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. उन्हात उभ्या केलेल्या सायकलीची काळी बॅटरी हवेपेक्षाही जास्त तापते. घरी आल्यावर ती काढून सावलीत ठेवावी, हाताला गार लागली की मगच चार्जर लावावा, तोही कंपनीने दिलेलाच. महिनाभर सायकल काढायची नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. पूर्ण भरून उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी पावसाळ्यात पूर्वीइतकी चालत नाही, आणि गेलेली क्षमता कोणत्याही उपायाने परत येत नाही.

वीज वाचवण्यासाठी काहीजण अंधार पडला तरी दिवा लावत नाहीत. तीन वॉटचा दिवा तासभर लावला तर तीनच वॉट-तास जातात, म्हणजे सपाट रस्त्यावरचे एक किलोमीटरही नाही. संध्याकाळी राजूर घाट चढताना पुढचा आणि मागचा दिवा लावलेलाच ठेवावा.