नोनीची रातपाळी

रात्रीचे पावणेतीन. भिलाईच्या टाऊनशिपमधल्या एका क्वार्टरमध्ये अकरा महिन्यांची मुलगी पलंगाच्या कठड्याला धरून उभी आहे आणि जिवाच्या आकांताने रडते आहे. पोट भरलेलं, अंग गार, लंगोट कोरडा. आई तिला आडवी करते, ती पुन्हा उभी. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला: हिला झोपायचंच आहे! पण उभं राहायला ती चार दिवसांपूर्वी शिकली आणि उभ्याचं खाली कसं बसायचं, ते अजून तिला येत नाही. झाडावर चढलेल्या मांजरीच्या पिल्लासारखी ती वर अडकली होती.

ही माझ्या भाचीची लेक. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी ‘नोनी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. तिचा बाबा इथल्या पोलाद कारखान्यात शिफ्टला. त्या आठवड्यात त्याची ‘नाइट’ होती, म्हणून मी नागपूरहून मदतीला आले होते. मदत म्हणजे काय, तर जागायला आणखी एक माणूस.

भिलाईत रात्री जागण्याचं कुणाला अप्रूप नाही. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून या गावाला रात्र उरली नाही. अशी भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. वरून खनिज आणि कोक ओतत राहायचं, खालून तप्त हवेचा झोत चालू ठेवायचा. ती गार होऊ दिली, तर आतला रस जागीच थिजून बसेल. म्हणून तीन पाळ्या, आणि म्हणून भरदुपारी जाड पडदे ओढून झोपलेली घरं. अशा गावात ‘पोरगी रात्रीची का उठते?’ या प्रश्नाचं उत्तर मला सरळ दिसायला लागलं. पोरगी कामावर असते.

हे मी गमतीने म्हणत नाही. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या पापण्यांकडे तासन्‌तास बघत बसे. पापण्यांखाली बुबुळं हलतात हे त्याने टिपलं. त्याच वाटेने पुढे जाऊन 1953 मध्ये त्याने आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी डोळे भिरभिरणाऱ्या झोपेचा, म्हणजे ‘रेम’चा शोध जाहीर केला. झोप म्हणजे बंद पडलेलं यंत्र, ही समजूत तिथे मोडली. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी धामधुमीची असते. मोठ्यांच्या झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो, बाळाचा तासाभराचा किंवा त्याहूनही थोडा कमी. प्रत्येक फेऱ्याच्या सांध्यावर जाग येते. तुम्हाआम्हालाही येते, आपण कूस बदलतो आणि विसरून जातो. बाळ मात्र डोळे उघडून पाहतं, की झोप लागताना जे होतं ते जागेवर आहे का. मांडी होती, ती गेली. झोका होता, तो थांबला. मग कसं झोपायचं?

आणि नेमकं वर्षाच्या उंबरठ्यावर बाळाच्या डोक्यात एकाच वेळी फार गोष्टी घडत असतात. चालायला लागलेली मुलं किती चालतात हे कॅरन अडॉल्फ यांच्या चमूने न्यूयॉर्कमध्ये मोजलं. खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं! हा सराव रात्री डोक्यात जिरतो, आणि कधी पायांतून बाहेरही येतो. हायफातल्या अनात शेर यांना आढळलं, की रांगणं सुरू होण्याच्या सुमारास बाळांचं रात्री उठणं वाढतं. म्हणजे नोनी बिघडली नव्हती, तिची रात्रीची शाळा भरली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त हलवून गेली. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला कळायला लागतं, की नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही. ज्याँ पियाजे यांनी रुमालाखाली खेळणं लपवून हे पाहिलं होतं. आता हेच आईला लावून बघा. पूर्वी आई खोलीतून गेली की विषय संपत होता. आता ती आहे, कुठेतरी आहे, आणि माझ्यापाशी नाही. अंधारातलं ते रडणं म्हणजे नव्याने झालेल्या ज्ञानाचा त्रास आहे.

सकाळी साडेसहाला बाबा परतला की मुलगी टक्क जागी. मग दहाला एक डुलकी, तीनला दुसरी. ‘मावशी, दुपारची झोप बंदच करते, म्हणजे रात्री तरी झोपेल,’ भाची म्हणाली. मी तिला थांबवलं. दोन डुलक्यांची एक होते ती बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. घाई केली तर बाळ दमून चिडतं आणि रात्र आणखी फाटते. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशी सांगतात. आणि सलग झोपेची फुशारकी मारणाऱ्या शेजारणींचं फार मनावर घेऊ नये. कॅनडातल्या एका पाहणीत एक वर्षाची सुमारे 28 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती.

आमच्या आईने अर्थातच मीठ-मोहरी ओवाळायला सांगितलं. ओवाळली, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण गिरण्यांच्या मुंबईत शंभर वर्षांपूर्वी कामावर जाणाऱ्या आया पोरांना अफूची ‘बाळागोळी’ देत, हे मला त्या रात्री आठवलं. पाळीला बांधलेल्या घराची लाचारी ती. आजही ‘सर्दीचं औषध दे चमचाभर, झोपेल’ म्हणणारे भेटतात. ते मात्र अजिबात ऐकू नये.

आम्ही काय केलं? दिवसा तिला बसायला शिकवलं. कठड्यापाशी उभी केली, खाली खुळखुळा ठेवला आणि गुडघे वाकवून दाखवले. एकदा, वीसदा. संध्याकाळी साडेसातला कोमट पाण्याने अंग पुसणं, तेलाचा हात, मंद दिवा, एकच अंगाई, रोज त्याच क्रमाने. जोडी मिंडेल यांनी 405 आयांबरोबर हे करून पाहिलं, तेव्हा दोन आठवड्यांत बाळांची झोप सुधारली. आपल्याकडे मालीश सकाळची. आम्ही ती संध्याकाळवर ढकलली आणि आईची बोलणी खाल्ली. रात्री रडली की मी मनात वीस अंक मोजून मगच उठायचे. निम्म्या वेळा विसाच्या आत सगळं शांत व्हायचं.

तरी एक गोष्ट खटकत होती. झोपेतही ती सारखी पाय झाडायची आणि दिवसा फिकट दिसायची. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी.

दल्ली-राजहराच्या डोंगरांतलं लोखंड ज्या गावात वितळून रूळ होऊन बाहेर पडतं, तिथल्या मुलीच्या रक्तात लोह कमी! पण गणित सोपं आहे. पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढे तो जेवणातून यावा लागतो, आणि वरणाचं पाणी, मऊ भात नि दुधावर तो येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 6 ते 59 महिन्यांची देशातली 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोहाचा झोपेशी काय संबंध? मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं, मज्जातंतूंवरचं वेष्टण चढायलाही लागतं. चिलीतल्या संशोधकांनी रक्तक्षयी बाळांची झोप नोंदवली, तेव्हा तिची घडणच वेगळी निघाली. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ योजनेत पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, 1 मिलिलिटर लोहाचं सिरप याचसाठी देतात. नोनीला डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे उपचाराचा डोस लिहून दिला. वर लिंबू पिळलेली डाळ, अंडं, आणि चहाचा घोट बंद. (हो, आजोबा बशीतून पाजत होते. चहा लोह शोषू देत नाही.)

परत निघायच्या आदल्या पहाटे मी जागीच होते. नोनी उठली, कठडा धरला, उभी राहिली. मी मोजायला लागले. बारा, तेरा. तिने खाली पाहिलं, गुडघे वाकवले आणि धपकन बसली. थोडा वेळ स्वतःशीच ‘बब्बब’ केलं. मग उशीवर गाल टेकला.

साडेसहाला जावई आला, पायांतले जड बूट दारातच काढून चवड्यांवर चालत. ‘झोपलीय?’ त्याने खुणेने विचारलं. मी दुपारसाठीचे जाड पडदे ओढले आणि त्यालाही खुणेनेच आत पिटाळलं.