बाळाला न पाहता दिलेला सल्ला

वाशिम–अकोला मार्गावरील मालेगाव हे तालुक्याचे गाव सोयाबीनचे आणि तुरीचे. दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची आवक वाढते, तेव्हा खरेदीदार व्यापारी ढिगापाशी येतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो. काडीकचरा किती, डागी दाणा किती याचा अंदाज घेतो आणि मग माल ओलावा मोजण्याच्या यंत्रावर जातो. ओलावा अधिक निघाला की भाव उतरतो. माल कोणत्या गावचा, कधी मळला, पाऊस लागला होता काय, हेही विचारून घेतले जाते. व्यापारी घराण्यांत ही चौकसबुद्धी बाळकडूतूनच मिळते, असे म्हणण्याची रीत आहे.

त्याच घराच्या माडीवर, बाळंतिणीच्या खोलीत, मात्र निराळाच व्यवहार चालू असतो. बाळ रात्री रडले की सुनबाई उशाशी ठेवलेला फोन हाती घेते. माहेरच्या बहिणींचा एक गट, महिला मंडळाचा एक, बाळंतपणाच्या सुमारास कोणीतरी जोडून दिलेला ‘नव्या मातांचा’ आणखी एक. प्रश्न टाकताच पाच मिनिटांत दहा उत्तरे येतात. देणारी सुरतेची, पुण्याची की परदेशातली, तिची स्वतःची मुले किती, हे सल्ले तिने कधी आचरले तरी होते काय, यातले काहीच ठाऊक नसते. खाली दुकानात पोत्याचे तोंड उघडल्याशिवाय भाव न बोलणारे घर वरच्या मजल्यावर बाळाच्या तोंडात काय घालायचे ते अशा निनावी सांगण्यावरून ठरवते.

या उत्तरांत हमखास आढळणारे एक म्हणजे खोकल्यासाठी मधाचे बोट. जैन कुटुंबांच्या दृष्टीने यात विचित्र विसंगती आहे. दिगंबर परंपरेतील अष्ट मूलगुण असोत वा श्वेतांबर परंपरेतील बावीस अभक्ष्ये असोत, मधाचा त्याग दोन्हीकडे सांगितलेला आहे. मालेगाव तालुक्यातीलच शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास नेमाने जाणारी, घरात मधाची बाटली कधी न आणलेली आजीही ‘औषध म्हणून चालते’ या एका वाक्यापुढे गप्प होते. वैद्यकशास्त्राचा निर्णय येथे आजीच्या मूळ नेमाच्या बाजूचा आहे. मधात कधी कधी बोट्युलिनम या जिवाणूंची बीजे असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात. लहान बाळांतील हा आजार १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. प्रथम बद्धकोष्ठ, मग रडण्याचा आवाज क्षीण होणे, अंगावर ओढण्याची ताकद जाणे, मान व हातपाय ढिले पडणे असा त्याचा क्रम असतो. आजार विरळा आहे, पण झाला तर बाळाला श्वास घेणेही कठीण होते. मध कोमट करून दिल्याने ही बीजे मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, याविषयी बालरोगतज्ज्ञांत दुमत नाही.

ग्राइप वॉटरची कथा याहून मजेदार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी ते प्रचारात आणले. शेपाचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि त्यांच्या जोडीला मद्यार्क, असे ते मूळ मिश्रण होते. त्या पाण्याने पोटदुखी किती थांबत असे कोण जाणे. बाळे शांत होत असत, यात मात्र नवल नाही. ब्रिटनमध्ये हा मद्यार्क १९९० च्या दशकात वगळण्यात आला. आज भारतात विकले जाणारे ग्राइप वॉटर मद्यार्करहित असते. तरी सहा महिन्यांच्या आतील बाळाला त्याचीही गरज नाही.

सहाणेवरच्या बाळगुटीविषयी मात्र थोडे सावकाशीने बोलले पाहिजे, कारण तेथे परंपरा आणि फोन यांची गाठ पडते. वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, बदाम, खारीक ही सामग्री महाराष्ट्रातील घरोघरी ठाऊक आहे. जुन्या जाणत्या स्त्रिया प्रत्येक वस्तूचे सहाणेवर वेढे मोजीत. जायफळाचा अर्धा वेढा, खारकेचे दोन, आज बाळाला शौचास पातळ झाले तर हिरडा बंद. आजच्या वैद्यकाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत मातेच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, तेव्हा या गुटीचाही आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु त्या बाईच्या मापाला निदान एक अंग होते: ती बाळाला रोज मांडीवर घेत असे, काल दिलेल्याचा परिणाम आज पाहत असे आणि चुकले तर घरच्यांचे बोल ऐकून घेत असे. फोनवर तीच कृती ‘पाव चमचा जायफळ पूड’ या रूपात येते. जायफळाचा अंश वाढला की बाळाला गुंगी येते. बाळ निजले म्हणून आई समाधानाने आभाराचे दोन हात पाठवते, आणि सांगणारीला बाळ का निजले हे कधीच कळत नाही.

जुने ते सारे सोने, असेही समजण्याचे कारण नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा अलीकडच्या वर्षांतही पूर्ण थांबलेली नाही. तेथे सल्ला देणारा समोरच बसलेला असतो, बाळालाही पाहत असतो, तरीही सल्ला घातकच असतो. शहरी घरांना ही प्रथा ऐकून धक्का बसतो. मात्र ‘आमच्या मुलांना काही झाले नाही’ हा पुरावा दोन्हीकडे सारखाच पुरेसा मानला जातो.

काही सल्ले केवळ हास्यास्पद. गरोदरपणी केशरदूध प्यायल्याने बाळ गोरे होते, हा त्यातला अग्रणी. केशराचा भाव ज्यांना घाऊक बाजारातून माहीत आहे, त्यांनी तरी हा सौदा तपासून पाहावा. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी सांगितली जाते, तर तान्ह्या बाळाला उशीच नको, सपाट अंथरूण हवे, असे डॉक्टर सांगतात. बारशाला भेट येणारा चाकांचा वॉकर बाळाला लवकर चालते करतो, ही समजूतही चुकीची आहे. पायऱ्यांवरून होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात बाळ बसत नाही, उभे राहून तो ढकलते.

हसण्यावारी न नेण्याजोगी गोष्ट पाण्याची. जैन घरांत पाणी गाळून, उकळून वापरण्याचा नेम मोठ्या काटेकोरपणे पाळला जातो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की ‘उकळलेलेच तर आहे’ म्हणून तान्ह्या बाळाला दोन चमचे पाणी पाजले जाते. मातेच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. वैशाखातही ते पुरते. उन्हाळ्यात बाळाला अधिक वेळा अंगावर घ्यावे, एवढेच. पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी ओढते आणि वजन अडते.

‘दात येताना जुलाब होतातच’ हा सल्ला आणखी घातक. दात येण्याच्या वयात बाळ रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. जुलाब त्या घाणीतून होतात. दातांवर ढकलून चार दिवस वाट पाहिली, तर तेवढ्यात अंगातील पाणी ओसरते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांची छावणी बनगाव येथे होती. तेथे पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देण्याचे धाडस केले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. तेच ओआरएसचे पाकीट आज कोणत्याही औषध दुकानात मिळते. त्यातही फोनवरची सुधारणा असते: अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात. मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागते; कमी पाण्यातील तीव्र द्रावण अपायकारक असते. सोबत डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे १४ दिवस झिंक द्यावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. बाळ पिण्यास नाकारू लागले, सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त गेले, तर गटावर प्रश्न टाकण्यात वेळ घालवू नये. सरळ दवाखाना गाठावा.

शाकाहारी कुटुंबांसाठी एक विषय स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक आहे. ‘आईचे दूध वर्षभर पुरते, वरचे काही नको’ असा सल्ला अलीकडे मोठ्या उत्साहाने दिला जातो. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू झालेच पाहिजे. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. शाकाहाऱ्यांना ते दूध, दही, ताक यांतून मिळते. मातेच्या अंगातच ते कमी असेल आणि बाळ दीर्घकाळ केवळ अंगावर असेल, तर बाळ मलूल होते, हसणे-बसणे विसरते, हातपाय थरथरू लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांना हा आजार अनेक दशकांपासून परिचित आहे. यावर गटांमध्ये दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, अंडे दिल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा म्हणतो, दूधसुद्धा सोडा. पहिल्याने कुटुंबाचा धर्म न विचारता सल्ला दिलेला असतो, दुसऱ्याने आईचे रक्त न तपासता. गरोदरपणी एक रक्तचाचणी आणि गरज पडल्यास बी-१२ ची गोळी वा इंजेक्शन, इतका साधा उपाय उपलब्ध आहे. हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या साहाय्याने आंबवण्याच्या प्रक्रियेतून बनवले जाते. त्यासाठी मांसाहाराकडे वळावे लागत नाही.

लसीकरणाच्या बाबतीत मालेगावकरांना नावाचाच एक धडा मिळालेला आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली. ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातील. पुढे धाडलेल्या संदेशात जिल्हा नसतो. ‘मालेगावात गोवर’ एवढेच शब्द वाशिम जिल्ह्यातील मालेगावच्या फोनवर पोहोचले, तर कोणीही दचकेल. लसीविरुद्धच्या संदेशांची जातही अशीच, पत्ता गाळलेली. गोवराच्या संयुक्त लसीमुळे मुले स्वमग्न होतात, हे विधान १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या एका लेखातून आले. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हाही शिकल्यासवरल्या घरांतून हेच विधान पुन्हा ऐकू आले. मागे घेतल्याची बातमी कोणी पुढे धाडली नव्हती.

मग सल्ला घ्यावा तरी कोणाचा? विदर्भातच याचे एक भक्कम उत्तर तयार झालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातीलच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. या आरोग्यदूत घरी जात, बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजीत, दूध पाजताना आईजवळ बसत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आली. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाला आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहते.

व्यापारी घरांत मात्र तिला बहुधा ओट्यावरूनच परतवले जाते. ‘आमचे डॉक्टर अकोल्याचे आहेत’ असे सांगितले जाते, आणि ते खरेही असते. पण अकोल्याचे डॉक्टर सातव्या दिवशी माडी चढून येत नाहीत. जेथे तिला आत येऊ दिले जाते, तेथे ती झोळीचा काटा काढते, बाळाला अलगद झोळीत ठेवते आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहते. उभे आयुष्य तराजूपुढे गेलेले आजोबा तेव्हा गादीवरून उठून चष्मा सावरीत जवळ येतात. पहिला प्रश्न त्यांचाच असतो: मागच्या वेळी किती भरले होते?