भावंडांची रांग

अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' नावाचे एक पत्रक काढते. त्यात थोडी कोष्टके असतात आणि कोष्टकांत तारखा. पुणे, नाशिक, ठाणे, सांगली इथली कितीतरी घरे गेली पंधरा-वीस वर्षे त्यातला एकच चौकोन बघत आली आहेत. आडवी ओळ 'एफ-फोर'ची आणि उभा रकाना 'इंडिया'चा. २०२५ च्या अखेरीस त्या चौकोनात २००६ सालातली तारीख होती. अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावाने किंवा बहिणीने २००६ मध्ये इथल्या भावंडासाठी अर्ज टाकला असेल, तर त्याची पाळी आत्ता लागत होती. ही तारीख कधी महिन्या-दोन महिन्यांनी पुढे सरकते, कधी वर्षभर जागची हलत नाही, आणि मागणी वाढली की मागेही जाते.

नात्याच्या आधारे अमेरिकेत स्थायिक होण्याचे दोन रस्ते आहेत. नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले आणि (नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झाला असेल तर) आईवडील, यांना संख्येची मर्यादा नाही. कागदपत्रे तपासून होईपर्यंतचाच काय तो वेळ. बाकी सगळी नाती 'प्रेफरन्स'च्या उतरंडीत बसतात आणि तिथे दरवर्षी ठरावीक व्हिसेच निघतात. नागरिकांची भावंडे या उतरंडीत सगळ्यात खाली, चौथ्या पायरीवर आहेत. चुलत, मावस, आते-मामे भावंडे त्यातही नाहीत. एकाच वाड्यात, एकाच पंगतीत वाढलेल्या चुलत भावाला या कायद्यात कुठेच जागा नाही.

भावंडांना ही जागा मिळाली कशी, हे पाहायला १९६५ मध्ये जावे लागते. त्याआधी अमेरिकेची दारे मूळ देशाच्या कोट्यावर चालत. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वाला अपात्र ठरवले. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ते दार किलकिले केले, तरी अख्ख्या भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने कोटापद्धतच मोडली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली.

सरकारच्या मूळ मसुद्यात पहिला मान कौशल्याला होता. तो क्रम बदलला गेला आणि त्यामागे मायकेल फीगन हे ओहायोचे प्रतिनिधी होते. प्रतिनिधिगृहातील स्थलांतरविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष. नातेवाइकांना अग्रक्रम दिला, तर आज देशात जे आहेत त्यांचेच भाईबंद येतील आणि देशाचा चेहरामोहरा फारसा बदलणार नाही, असा या बदलामागचा अंदाज होता. अमेरिकेत तेव्हा बहुसंख्य युरोपीय वंशाचे होते, तेव्हा येणारेही युरोपीयच असतील. अंतिम कायद्यात ७४ टक्के व्हिसे कुटुंबासाठी ठेवले गेले, व्यवसाय आणि कौशल्यासाठी अवघे २० टक्के. सगळ्यात मोठा एकच वाटा, २४ टक्क्यांचा, नागरिकांच्या भावंडांना मिळाला. टीकाकार या कायद्याला 'भाऊ-बहिणींचा कायदा' म्हणू लागले ते त्यामुळे. आशियातून पहिल्या वर्षी फार तर पाचेक हजार लोक येतील आणि मग ओघ आटेल, असा अंदाज रॉबर्ट केनेडी यांनी १९६४ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे मांडला होता.

युरोपात तोवर सुबत्ता येऊ लागली होती. तिथून भावंडे यायला फारशी उत्सुक नव्हती. उत्सुक होते ते दुसरेच. वीस टक्क्यांच्या अरुंद फटीतून भारतातले डॉक्टर आणि इंजिनिअर आत गेले. त्यांत मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले मराठी तरुणही होते. काही वर्षांनी ते नागरिक झाले आणि मग त्यांनी भावंडांसाठी अर्ज भरले. चेहरामोहरा टिकवण्यासाठी केलेल्या तरतुदीनेच तो बदलला. आज अमेरिकेत भारतीय वंशाचे पन्नास लाखांहून अधिक लोक आहेत.

मागणी वाढली आणि रांग लांबली. आजचा हिशेब १९९० च्या कायद्याने ठरवला आहे. जगभरातल्या सगळ्या भावंडांसाठी वर्षाला ६५,००० व्हिसे. कोणत्याही एका देशाला एकूण व्हिशांच्या सात टक्क्यांहून जास्त मिळायचे नाहीत. ढोबळमानाने भारतीय भावंडांच्या वाट्याला वर्षाकाठी साडेचार हजारांच्या आसपास व्हिसे येतात. यात आणखी एक पाचर आहे. भावाबरोबर त्याची बायको आणि मुले येतात आणि त्यांतला प्रत्येक जण याच साडेचार हजारांत मोजला जातो. चौघांचे कुटुंब चार व्हिसे घेते. म्हणजे वर्षाला जेमतेम अकराशे कुटुंबे. जगभरात या एका पायरीवर वीस लाखांहून अधिक माणसे उभी आहेत. लोकसंख्या काही लाख असलेल्या देशालाही तेच सात टक्के आणि भारतालाही तेच, ही समानता मला न्याय्य वाटत नाही.

अर्ज भरताना मात्र हे काहीच जाणवत नाही. 'आय-१३०' हा फॉर्म, २००६ मध्ये त्याची फी १९० डॉलर. अर्ज सरकारदरबारी पोचल्याची तारीख हीच 'प्रायॉरिटी डेट'. पिटिशन टाकून ठेवलंय, असे सांगून माणसे कामाला लागत.

खरी कसोटी कागदांची असते. सख्खे भावंड सिद्ध करायचे तर दोघांच्या जन्मदाखल्यांवर निदान एक पालक समान हवा. वडिलांच्या बाजूने नाते दाखवायचे, तर त्यांच्या लग्नाचा पुरावाही लागतो. आता सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी १९५२ मध्ये झालेल्या लग्नाची नोंद कुठून आणायची? जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासून. त्याआधीच्या जन्मांची नोंद सापडली नाही, तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, जोडीला शाळा सोडल्याचा दाखला लावायचा आणि जन्म आठवणाऱ्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करायची. आपल्याकडे बहिणीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. लग्नात मुलीचे आडनावच काय, नावही बदलण्याची चाल होती. जन्मदाखल्यावर कुसुम, शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावासह कुसुम, पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासह माधवी. ती एकच बाई आहे हे पटवण्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला, नाही तर राजपत्रातली नामबदलाची जाहिरात लागते. तांदळात नाव लिहून सगळ्यांसमोर केलेला तो विधी परदेशी अधिकाऱ्यापुढे पुरावा ठरत नाही.

या नियमांत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो मुलांच्या वयाचा हिशेब. भावाचा नंबर लागतो तेव्हा त्याची एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले बरोबर जाऊ शकतात. पण रांगच एकोणीस वर्षांची असेल तर? अर्जाच्या वेळी पाच-सहा वर्षांचे असलेले मूल पाळी येईतो पदवीधर झालेले असते. या प्रकाराला सगळे 'एज-आउट' म्हणतात. त्यावर उपाय म्हणून २००२ मध्ये एक कायदा झाला. व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून, अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून होता तितका काळ वजा करायचा. उत्तर एकवीसच्या आत आले, तर मूल वाचले.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, दोन अमेरिकन नागरिकांनी २००६ मध्ये एकाच दिवशी आपापल्या बहिणीसाठी अर्ज केले. एक बहीण नाशिकची, दुसरी कोल्हापूरची. दोघींना सहा वर्षांची एकेक मुलगी. नाशिकचा अर्ज तीन वर्षांत मंजूर झाला, कोल्हापूरचा पाच वर्षे फायलींच्या ढिगात राहिला. २०२५ मध्ये दोघींची पाळी आली तेव्हा मुली पंचवीस वर्षांच्या. नाशिकच्या मुलीचे कायदेशीर वय पंचवीस वजा तीन, म्हणजे बावीस. ती गळाली. कोल्हापूरच्या मुलीचे पंचवीस वजा पाच, म्हणजे वीस. ती आईबरोबर जाऊ शकते, मात्र तोवर तिचे लग्न झालेले नसेल तरच. काम ज्या कार्यालयाने चोख केले, त्याच्याकडे अर्ज गेलेल्या कुटुंबाचे मूल मागे राहिले. मंजुरी लवकर आली म्हणून पेढे वाटलेल्या घरांना याचा अर्थ फार उशिरा कळतो.

आणि ते लग्नाचे कलम. तेवीस-चोविसाव्या वर्षी चांगले स्थळ येते, मुलीच्याही मनात असते आणि घरात बुलेटिनवरून चर्चा होते की, सहा महिने थांबू या का. सहा महिन्यांत तारीख सरकेल याची हमी कोणी देत नाही. मग कधी स्थळ जाते, कधी व्हिसा.

गळालेल्या मुलांना निदान जुनी तारीख तरी मिळावी, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एल साल्वादोरच्या एका आईसाठी तिच्या नागरिक आईने १९९८ मध्ये अर्ज केला होता. तेव्हा तिचा मुलगा तेरा वर्षांचा होता. २००५ मध्ये पाळी आली तेव्हा तो एकवीस ओलांडून गेला होता. २०१४ मध्ये 'शियालाबा विरुद्ध क्वेयार दे ओसोरियो' या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की, अशा मुलांना आपोआप जुनी तारीख न देण्याचा सरकारचा अर्थ ग्राह्य आहे. भावंडांच्या रांगेतली मुले त्याच निकालाखाली येतात.

यातून जाणत्या घरांनी एक आडवाट काढली. धाकटा भाऊ अविवाहित असेल, तर त्याच्यासाठी थेट अर्ज करून वीस वर्षे थांबण्याऐवजी आधी आईला न्यायचे. नागरिकाच्या आईला मर्यादा नाही, ती वर्ष-दोन वर्षांत ग्रीन कार्ड घेऊन पोचते. मग आईने आपल्या अविवाहित मुलासाठी अर्ज करायचा. ती रांग नऊ-दहा वर्षांची. अट एवढीच की, तेवढी वर्षे मुलाने लग्न करायचे नाही. केले तर अर्ज त्याच क्षणी रद्द, कारण ग्रीन कार्डधारकाला विवाहित मुलासाठी अर्जच करता येत नाही. आणि आईने खरोखर तिथे राहायला हवे. न्यू जर्सीच्या थंडीत, गाडी चालवता येत नसताना, धाकट्याची तारीख जिवंत राहावी म्हणून दिवस काढणाऱ्या आया आहेत. त्यांचे हे काम कोणत्याही फॉर्मवर लिहिले जात नाही.

एका बाबतीत हा कायदा आपल्या रिवाजापेक्षा उदार आहे, हे नोंदवायला हवे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. विवाहित मुलगी आपल्या आईवडिलांना नेऊ शकते, पण जावई सासूसासऱ्यांसाठी अर्ज करू शकत नाही, तो तिनेच करावा लागतो. लेकीच्या घरचे पाणीही न पिणारे आईबाप आपल्याकडे होते. त्यांच्या पुढच्या पिढीतले अनेक जण लेकीच्या सहीने तिच्या गावी राहायला गेले आहेत.

पैशाचे कलम १९९६ मध्ये कडक झाले. बोलावणाऱ्याने 'अफिडेव्हिट ऑफ सपोर्ट'वर सही करायची, आणि उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट दाखवायचे. स्वतःच्या कुटुंबात चार आणि येणारे चार, असे आठ जण धरले, तर २०२५ च्या आकड्यांनुसार ही रक्कम वर्षाला सुमारे ६७,७०० डॉलर होते. ते कमी पडत असेल तर दुसरा जामीनदार चालतो. येणारा नागरिक होईपर्यंत, किंवा चाळीस तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम त्याच्या खात्यावर जमेपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही. त्याने तो देश कायमचा सोडला किंवा मृत्यू ओढवला तरच ती संपते. नवराबायकोच्या बाबतीत घटस्फोटानेही ती संपत नाही. भावाने भावासाठी केलेली ही सही कोर्टात बजावता येण्यासारखी असते. सही करण्यापूर्वी दोन्ही घरांनी त्यावर मोकळेपणी बोलावे, असे मला मनापासून वाटते.

रांगेत उभे असण्याची एक किंमत रोजच्या आयुष्यातही मोजावी लागते. टुरिस्ट व्हिसाच्या अर्जातच विचारतात की, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन दाखल केले आहे का. खरे उत्तर दिले, की हा माणूस परत येणार नाही अशी शंका घ्यायला अधिकाऱ्याला आधार मिळतो. पुतणीच्या लग्नाला जाऊ पाहणारा काका त्या एका उत्तरावर अडू शकतो. खोटे उत्तर दिले तर पुढचा कायमचा रस्ताही धोक्यात येतो.

आणि अर्ज करणाराच मध्येच गेला तर? २००६ मध्ये पंचावन्न वर्षांच्या असलेल्या भावाने अर्ज केला असेल, तर पाळी येईतो तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. त्याच्या मृत्यूबरोबर अर्ज आपोआप रद्द होतो. मंजूर झालेला अर्ज माणुसकीच्या कारणास्तव पुन्हा जिवंत करा, अशी विनंती करता येते, घरातला दुसरा कुणी जामीनदारही पुढे येऊ शकतो, पण निर्णय पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो.

भावंडांची ही तरतूद मोडीत काढण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले. १९९५ मध्ये बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ती रद्द करावी अशी शिफारस केली. २०१३ मध्ये सिनेटने मंजूर केलेल्या मोठ्या विधेयकातही ती जाणार होती, पण प्रतिनिधिगृहात ते पुढे सरकलेच नाही. कॅनडाने सज्ञान भावंडांना जवळजवळ दार बंदच ठेवले आहे. ज्याला नेण्याजोगे दुसरे कुणीच नाही अशा माणसालाच तिथे भाऊ किंवा बहीण बोलावता येते. ऑस्ट्रेलियाचा भर आईवडिलांवर, पण तिथे निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात असावीत, किंवा दुसऱ्या कोणत्याही एका देशातल्या मुलांपेक्षा तिथल्यांची संख्या जास्त असावी, अशी मोजणी होते. त्या तुलनेत अमेरिकेने भावंडांचे नाते कायद्यात टिकवले, याचे मोल मला मोठे वाटते. म्हणूनच ते दार असे जवळजवळ बंद पडलेले पाहवत नाही. मुलाचे वय अर्जाच्या दिवशीचेच धरावे आणि बायकामुलांना संख्येत मोजू नये, एवढ्या दोन दुरुस्त्यांनी पुष्कळ काही सावरेल. कुटुंबांची ताटातूट थांबवू पाहणारी विधेयके काँग्रेसमध्ये अनेकदा आली आणि पडून राहिली.

दरम्यान नव्या पिढीचे गणितच निराळे झाले आहे. भावंडासाठी अर्ज करायला नागरिक असावे लागते, ग्रीन कार्ड पुरत नाही. नोकरीच्या वाटेने गेलेल्या भारतीयांची ग्रीन कार्डाची रांगच आता इतकी लांबली आहे की, २०१५ च्या सुमारास गेलेला पुण्याचा इंजिनिअर भावासाठी पहिला फॉर्म भरण्याच्या पात्रतेलाही पोचलेला नाही. आज मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत एफ-फोरच्या मुलाखतीला जाणाऱ्यांचे अर्ज त्याच्या मागच्या पिढीने केलेले आहेत. ते अर्ज भरले गेले, तेव्हा वकिलात अजून ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती.

मुलाखतीला येणारी ती माणसे आता पन्नाशी-साठीची आहेत. इथली नोकरी संपत आली आहे, घराचे हप्ते फिटले आहेत. तिथे गेल्यावर सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन हवे असेल, तर पुन्हा तीच चाळीस तिमाहींची अट, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी दहा वर्षांची नवी नोकरी. काही जण व्हिसा हातात घेऊनही जात नाहीत. काही जातात, आणि पोचल्यावर पहिला अर्ज भरतात तो मागे राहिलेल्या अविवाहित मुलासाठी. त्या अर्जावर २००६ ची तारीख चालत नाही. नवी पडते, आणि तिथून पुढे नऊ-दहा वर्षे मोजायची असतात.