शिवोलीची कॅसेट

गावातल्या शेवटच्या कॅसेटच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. ते पाहिलं आणि गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस याचा 'गोअन क्रेझी' आठवला. १९८४चा अल्बम, चाळीस वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात रेमोचं नाव निघालं की लोकांना 'हम्मा हम्मा'पलीकडे काही आठवत नाही. २००७ साली पद्मश्री मिळाली, तेव्हाही गप्पा त्याच गाण्याच्या. हे मला अजून खुपतं.

मुंबईत आर्किटेक्चर शिकताना हा माणूस 'द सॅव्हेजेस' या रॉक बँडमध्ये गात होता. नंतर परदेशात भटकला आणि गोव्याला परतला. शिवोलीच्या घरात चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन बसला. गाणी त्याची, चाली त्याच्या, वाद्यंही त्यानेच वाजवलेली, कव्हरसुद्धा स्वतः काढलेलं. कॅसेट तयार झाल्या आणि हाच गडी स्कूटरवरून दुकानोदुकानी त्या पोचवत फिरला.

आणि शब्द! गोव्याच्या टेलिफोनवर त्याने थेट ग्रॅहम बेलला उद्देशून गाणं केलं. चाळीसगावात आम्ही ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास ताटकळायचो. इंग्रजी अर्धंमुर्धं कळूनही त्या गाण्यातला वैताग पुरता कळला. 'गोव्याचं इंग्रजी गाणं, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. गाणं आपल्या गावाचं असलं की दुसऱ्या गावालाही ते लागतं, हे त्यांना कधी उमगलंच नाही. एकट्याने घरात बसून मोठं काम उभं राहतं, हे तर या गावाला नवं नव्हतं. स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस वर्षानुवर्षं उंबरा न ओलांडता छायाचित्रं करत होते. ३१ डिसेंबर १९८९ला ते गेले. ते दशक आमच्यासाठी तिथेच संपलं.

रेमोची पुढची वर्षं सिनेमाची. 'जलवा' आधीच गाजला होता, मग 'हम्मा हम्मा'वाला 'बॉम्बे' आला, 'प्यार तो होना ही था' आला. आवाज तोच, पण शब्द दुसऱ्यांचे. हिंदी सिनेमाने त्याच्याकडून नाच घेतला आणि त्याची तिरकी नजर बाहेर ठेवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज खिशातल्या फोनवर चारच्या दसपट ट्रॅक मिळतात. आमच्या अहिराणीत गाण्यांचा पूर आहे, त्याचा मला अभिमानही आहे. पण त्यातलं बहुतेक गाणं हळदीच्या डीजेसाठी बेतलेलं. ठेका काढला तर खाली फार थोडं उरतं. कन्नड घाटात रात्रभर अडकलेल्या ट्रकवाल्याचं गाणं कुठे आहे? धुळ्याच्या गाडीचं? कापसाच्या भावाची वाट बघत बसलेल्या घराचं?

अहिराणीत गाणाऱ्या पोरांनो, डीजेची गाणी खुशाल करा. पण एकदा दार लावून, एक गिटार नाहीतर नुसता डफ घेऊन, आपल्या गावाची खोडी काढणारं एक गाणं रेकॉर्ड करा. ऐकायला मी आहे.