स्वस्त ऑइल फिल्टर चांगला की वाईट, ओळखायचं कसं? जुन्या गाडीवाल्यांनी डबा नव्हे, आतला कागद बघावा

सुलतानपूर (ता. लोणार) : सोयाबीन घरात आलं, चार पैसे हातात पडले, की जुन्या गाड्यांचं राहिलेलं ऑइल बदलायचं काम निघतं. मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो, सुरुवातीच्या बोलेरो अशा गाड्या मेहकर-लोणार रस्त्यावर अजून धावतात. कुणाची गाडी दुधाच्या कॅनसाठी, कुणाची दवाखान्यासाठी, कुणाची लग्नसराईच्या भाड्यासाठी. मिस्त्री चिठ्ठी देतो, गाडीवाला सामानाच्या दुकानात जातो, आणि काउंटरवर एकाच गाडीचे तीन-चार फिल्टर येतात. दिसायला सगळे सारखेच. भावात मात्र दुपटीचा फरक. मग बहुतेक जण हातात वजन करून बघतात, नाहीतर सरळ स्वस्तातला उचलतात.

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, सुमो आणि ओम्नी २०१९ मध्ये बंद झाल्या. पण रस्त्यावर गाड्या भरपूर असल्यानं त्यांच्या फिल्टरचा खप मोठा आहे, आणि जिथं खप मोठा तिथं नक्कलही आलीच. वीस वर्षांच्या गाडीला बाजारात किंमत किती राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा गाडीचं इंजिन खोलायची वेळ आली तर होणारा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो, आणि मग ती घरासमोर उभी राहते ती राहतेच. पन्नास-साठ रुपये वाचवताना हिशेब इथं चुकतो. पण स्वस्त म्हणजे वाईटच, असंही नाही.

फिल्टर नेमकं काय करतो

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे लवकर समजेल. विहिरीचं पाणी फिल्टरमधून गेलं नाही तर ड्रिपर बंद पडतात. फिल्टर चोक झाला की अलीकडचा गेज चढतो, पलीकडचा उतरतो. इंजिनात तेच घडतं, फक्त गेज दिसत नाही. ऑइल पंप खालच्या चेंबरमधून ऑइल ओढतो आणि दाबानं फिल्टरमध्ये ढकलतो. फिल्टरच्या तोंडावर कडेनं जी बारीक भोकं असतात त्यातून ऑइल आत जातं, घडीच्या कागदातून बाहेरून आत गाळलं जातं आणि मधल्या आट्यांच्या मोठ्या भोकातून क्रँक, बेअरिंग, कॅमकडे जातं.

क्रँक आणि बेअरिंगमधली फट फार बारीक असते, साधारण २५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे ही फट केसाहून बारीक. त्या फटीत मावेल एवढा कठीण कण गेला की तो बेअरिंग घासत राहतो. असे कण अडवायचं काम कागदाचं. हा कागद वहीचा नसतो. त्याला रेझिन देऊन तापवून कडक केलेलं असतं, म्हणून तो गरम ऑइलमध्ये महिनोन् महिने टिकतो. हलक्या फिल्टरमध्ये पैसे वाचवले जातात ते इथंच. कागद कमी भरतात, घड्या विरळ ठेवतात, जोड नीट चिकटवत नाहीत. पत्र्याचा डबा आणि रंग मात्र झकास असतो.

डब्यात कागदाशिवाय दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला विहिरीच्या मोटरच्या फूटव्हॉल्व्हसारखा. फूटव्हॉल्व्ह गळका असला की पाइप रिकामा होतो आणि मोटर चालू केली तरी पाणी लवकर येत नाही. फिल्टरमधला हा रबरी पडदा गाडी बंद असताना ऑइल परत खाली उतरू देत नाही. तो कडक झाला किंवा नीट बसला नाही, तर सकाळी स्टार्टर मारल्यावर दोन-तीन सेकंद इंजिन खडखडतं आणि ऑइलचा लाल दिवा उशिरा विझतो. जिथं फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो तिथं हे जास्त जाणवतं. जुन्या इंजिनात फटी आधीच वाढलेल्या असतात, त्यामुळे रोज सकाळचे हे कोरडे सेकंद त्याला महाग पडतात. हा पडदा साध्या काळ्या रबराचा असतो किंवा सिलिकॉनचा. सिलिकॉन उष्णतेत जास्त दिवस मऊ राहतं आणि बहुतेक लाल-केशरी रंगात येतं. पण रंगावर भुलू नये, रबराला रंग कुणीही देऊ शकतो.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे धरणाचा सांडवा. कागद चोक झाला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं, तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ पुढे जातं. गाडीप्रमाणे कमी-जास्त, पण साधारण १ बार म्हणजे १४-१५ पीएसआयच्या फरकाला तो उघडतो. हलक्या मालात त्याची स्प्रिंग ढिली असली तर तो सदा अर्धवट उघडाच, म्हणजे फिल्टर लावला काय नि न लावला काय. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून इंजिनातच असतो. म्हणून 'आटे बसले म्हणजे फिल्टर चालला' हे खरं नाही.

आट्यांची तर वेगळीच गंमत आहे. बाजारात २० मिलिमीटरचे आणि पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे, असे दोन्ही फिल्टर मिळतात. पाऊण इंची आट्याच्या इंजिनावर २० मिलिमीटरचा फिल्टर चढतो, पण सैल बसतो. गावात फिरताना कळत नाही. मेहकरहून समृद्धीला लागून गाडी ताणली आणि फिल्टर निसटला, तर काही क्षणांत सगळं ऑइल रस्त्यावर आणि इंजिन जाम. म्हणून दुकानात 'मारुतीचा द्या' एवढंच म्हणू नये. मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल हे सांगून डब्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्यावा.

काउंटरवर काय बघाल

वजनावरून काही ठरत नाही, पत्रा जाड असला तरी वजन वाढतं. तोंडानं फुंकून हवा जाते का बघणं हाही टाइमपासच. बघायचं ते तोंडाकडून. रबरी रिंग खाचेत सगळीकडे सारखी बसलेली हवी, नखानं दाबली तर मऊ लागून परत वर यायला हवी. आटे स्वच्छ कापलेले हवेत, त्यात लोखंडाचा चुरा किंवा रंग नको. मोबाईलची बॅटरी लावून भोकांतून आत डोकावलं तर मधली जाळीची नळी सरळ आहे का, रबरी पडदा कडेला दुमडलाय का, गंज आहे का, हे दिसतं. कानाशी हलवून आत काही खुळखुळलं तर तो फिल्टर परत द्यावा.

पण खरं सांगायचं तर बाहेरून अर्धीच परीक्षा होते. उरलेली परीक्षा फुकटात होते आणि तीच कुणी करत नाही. ती म्हणजे काढलेला जुना फिल्टर कापून बघणं. मिस्त्रीला सांगून तो रात्रभर तोंड खाली करून ऑइल निथळू द्यावं, मग शिकंजात धरून तोंडाच्या कडेजवळ हॅक्सॉनं कापून घ्यावा. ग्राइंडर लावू नये, आत ऑइल असतं आणि ठिणगी पडते. आतला कागद बाहेर काढून उन्हात पसरावा. घड्या दाट आणि सारख्या अंतरावर आहेत का, कागदाचा जोड सुटलाय का, कुठं फाटलाय का, मधली नळी चेपलीय का, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. दोन कंपन्यांचे फिल्टर पाठोपाठ वापरून दोन्ही असे शेजारी ठेवले, तर पुढच्या वेळी कोणता घ्यायचा ते विचारावं लागत नाही.

त्याच कागदावर इंजिनाची तब्येतही दिसते. कागदाच्या घड्यांमध्ये चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवावं. चिकटले तर लोखंड, न चिकटणारे पांढरट असतील तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू, तांबूस असतील तर बेअरिंगचा खालचा थर उघडा पडत असल्याची खूण. हॅक्सॉचा चुरा कडेलाच पडतो, तो यात धरू नये. थोडी बारीक चमक जुन्या गाडीत असतेच. डोळ्यांना सहज दिसतील असे तुकडे असतील तर मात्र इंजिन वाजायची वाट बघू नये, मिस्त्रीला दाखवावं.

'फिल्टर हलका निघाला, ऑइल आठ दिवसांत काळं पडलं' ही तक्रार डिझेल गाडीवाले हमखास करतात. त्यात फिल्टरचा दोष नाही. डिझेलची काजळी एका मायक्रॉनहून बारीक असते, ती कुठलाही कागदी फिल्टर अडवत नाही. उलट ती काजळी ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. लाल दिवा लागत नाही म्हणजे फिल्टर चांगला, हेही चूक. दिवा फक्त दाब फार खाली गेल्यावर लागतो, ऑइलमधली घाण त्याला कळत नाही. आणि आपल्याकडचा फुफाटा इंजिनात जातो तो एअर फिल्टरच्या वाटेनं. एअर फिल्टर फाटका ठेवून भारी ऑइल फिल्टर लावणं म्हणजे कुंपण मोडकं ठेवून दाराला कुलूप.

स्वस्त, पण कोणता स्वस्त?

गाडी बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर बहुतेक स्वतः बनवत नाहीत, फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यांकडून घेतात. बॉश, प्युरोलेटर, इलोफिक, फ्लीटगार्ड अशी नावं दुकानात दिसतात ती याच धंद्यातली. त्यांचा स्वतःच्या डब्यातला माल गाडी कंपनीच्या डब्यातल्या मालापेक्षा अनेकदा स्वस्त मिळतो आणि जुन्या गाडीला तो पुरेसा आहे. टाळायचा तो बिननावाचा, आणि नाव असूनही भाव संशय यावा इतका कमी असलेला.

पाकिटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. डब्यावर हे नसेल, छपाई फिसकटलेली असेल, डब्यावरचा आणि फिल्टरवरचा नंबर वेगळा असेल तर घेऊ नये. पक्कं बिल मागायला लाजू नये. बिल असेल तरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला जोर येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही.

ऑइल बदलायचं आणि फिल्टर जुनाच ठेवायचा, किंवा डिझेलमध्ये धुऊन परत लावायचा, हे प्रकार गावात अजून चालतात. धुतल्यानं घडीत अडकलेली घाण निघत नाही, आणि जुन्या फिल्टरमधलं काळं ऑइल नव्यात मिसळतं ते वेगळंच. वेळेवर बदललेला साधा फिल्टर हा दोन वर्षं तसाच ठेवलेल्या भारी फिल्टरपेक्षा बरा. गाडीचं पुस्तक हरवलं असेल तर जुन्या गाडीला ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते धरावं.

लावताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे आधी बघावं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल गळणारच. नव्या रिंगला बोटानं ऑइल लावावं, फिल्टर हातानंच फिरवावा, आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळावा. पाना काढायला, आवळायला नाही. मग गाडी चालू करून रेस न करता दोन मिनिटं उभी ठेवावी, खाली वाकून गळती बघावी, बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी काढून बघावी. नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरल्यानं पातळी थोडी उतरलेली असते, तेवढं वरून टाकावं.